पडद्यावरची होडी

उभ्या नोकरीत हवालदार खंडेराव काटकरांनी दारूला हात लावला नव्हता. वाट्याला येणारी रम ते सोबत्यांना देऊन टाकत, आणि त्याबद्दल चार शब्दांचं कौतुकही कुणाकडून ऐकून घेत नसत. नेमका हाच माणूस अपघातानंतर दिल्ली छावणीच्या रस्त्यावरून झोकांड्या खात चालू लागला. जीभही जड झाली होती, शब्द एकमेकांवर घसरत बाहेर पडत. एकदा भाजीवाल्याने हसून विचारलं, "फौजी, सुबह सुबह?" त्या दिवसापासून खंडेरावांनी बाजाराचं नाव टाकलं.

ते पलटणीत गाडी चालवायला शिकवणारे उस्ताद होते. डोंगरातल्या एका घाटात नव्या जवानाला ट्रक शिकवताना शेजारी बसले होते. वळणावर मागचं चाक कडेवरून सुटलं आणि गाडी उतारावर कलंडली. जवानाचं मनगट मोडलं, ते महिन्या-दीड महिन्यात जुळलं. खंडेरावांच्या डोक्याला मागून मार बसला. तिथे लहान मेंदू असतो, शरीराचा तोल तो सांभाळतो, त्यालाच इजा झाली आहे, असं डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, कृष्णाबाईला, समजावून सांगितलं. हात चांगले होते, पाय चांगले होते, विचार शाबूत होता. फक्त उभं राहिलं की जमीन उजवीकडे कलते आहे असं त्यांना वाटे, आणि ते त्याच बाजूला पडत.

म्हणून कृष्णाबाई उजवीकडे आली. सकाळी खाटेवरून उठताना, न्हाणीत जाताना, इस्पितळाच्या पायऱ्या चढताना ती त्यांच्या उजव्या अंगाला असायची, त्यांचा दंड आपल्या खांद्यावर घेऊन. ती माण तालुक्यातली. लग्न होऊन आली तेव्हा सडपातळ होती, आता थोडी भरली होती, पण अंगात जोर होता. नवऱ्याचं वजन पेलताना तिला कधी जड वाटलं नाही, निदान तसं ती कुणाला म्हणाली नाही. त्यांची मुलगी हेमलता नववीत होती. तिनं एकदोनदा बापाला धरायचा प्रयत्न केला तेव्हा कृष्णाबाईनं तिला बाजूला सारलं. तू अभ्यास कर, म्हणाली.

लष्करी इस्पितळाच्या व्यायामाच्या खोलीत वृंदा नावाची एक फिजिओथेरपिस्ट होती. फौजेतली नव्हे, बाहेरून नेमलेली. तिचे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, सगळं बालपण आर. के. पुरमच्या सरकारी घरांत गेलेलं. घरात मराठी बोलत, पण तिच्या मराठीला दिल्लीचं पाणी लागलेलं होतं. मराठी पेशंट आला की ती हौसेनं मराठीत बोलायला लागे आणि दोन वाक्यांनी अडखळे. खंडेरावांना पहिल्या दिवशी ती म्हणाली, "हवालदारसाहेब, तुमचं बॅलन्स वापस आणायचंय आपल्याला. बॅलन्सला मराठीत काय म्हणतात हो ताई?" कृष्णाबाई म्हणाली, तोल. वृंदानं तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला आणि मग तोच वापरू लागली.

दोन-तीन महिने नेहमीचे व्यायाम झाले. सरळ रेषेवर चालणं, भिंतीला धरून एका पायावर उभं राहणं, चेंडू झेलणं. खंडेराव ते सगळं हुकूम पाळल्यासारखं करत. करत, पण मन त्यात नव्हतं. घरी आले की भिंतीकडे तोंड करून पडून राहत. बोलणं कमी झालं होतं, जेवणही. कृष्णाबाईला त्यांच्या चालण्यापेक्षा त्या गप्प राहण्याची धास्ती जास्त वाटे.

मग एक दिवस वृंदानं आपल्या धाकट्या भावाचा व्हिडिओ गेमचा संच आणला. भावाचा त्यातला रस संपला होता. टीव्हीला जोडायचा एक डबा, आणि जमिनीवर ठेवायची पाटासारखी रुंद फळी. त्या फळीवर उभं राहून माणूस डावीकडे झुकला की पडद्यावरची होडी डावीकडे वळे, उजवीकडे झुकला की उजवीकडे. नदी वेगानं वाहायची, मध्ये खडक यायचे, त्यांतून होडी काढायची. खडकावर आपटली की होडी उलटे आणि गंमतशीर आवाज करून पुन्हा सुरुवातीला जाऊन उभी राही. परदेशात तोल गेलेल्या मोठ्या माणसांना असे खेळ खेळायला देऊन पाहताहेत, काहींना फायदा होतोय, काहींना होत नाही, आपणही करून पाहू, असं वृंदानं मोकळेपणानं सांगितलं. इस्पितळातल्या मोठ्या साहेबांची परवानगी तिनं घेतली होती.

खंडेरावांनी फळीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि खुर्चीतून उठायला नकार दिला. खोलीत आणखी चार-पाच जवान होते, कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा. त्यांच्यासमोर एका उस्तादानं पोरांचा खेळ खेळायचा, ही गोष्ट त्यांना मानवणारी नव्हती.

"मी काय पोर हाय का?" ते म्हणाले.

वृंदानं आग्रह केला नाही. ती कृष्णाबाईकडे वळली आणि म्हणाली, ताई, तुम्ही उभ्या राहा जरा, त्यांना दिसू दे कसं असतं ते. कृष्णाबाई आधी लाजली. मग चपला काढून, पदर खोचून फळीवर चढली.

सगळ्यांना वाटलं होतं की ही बाई होडी सहज नेईल. होडी निघाली आणि सरळ उजव्या काठावर जाऊन आदळली. पुन्हा निघाली, पुन्हा उजवीकडेच. कृष्णाबाईला कळेना. ती ताठ उभी होती, निदान आपण ताठ उभ्या आहोत असं तिला वाटत होतं. तिच्या गावाकडे बारमाही नदी नव्हती, होडीत ती जन्मात बसलेली नव्हती, त्यामुळे हे असंच असेल असं ती धरून चालली. चौथ्यांदा होडी उलटली तेव्हा जवान हसले, आणि त्यांच्यात एक हसू खंडेरावांचं होतं.

कृष्णाबाईनं ते ऐकलं. अपघातानंतर पहिल्यांदाच ते हसले होते. ती फळीवरून उतरली नाही.

"डावीकडं जोर दे," खंडेराव म्हणाले. "काठ बघू नको. जिथं जायचंय तिथं बघ." नव्या ड्रायव्हरला सांगावं तसं. पाचव्या खेपेला ती दोन खडक ओलांडून गेली, सहाव्या खेपेला पुन्हा आपटली. मग खंडेराव काठी टेकत उठले. तिला बाजूला व्हायला सांगितलं आणि स्वतः फळीवर चढले. ते तिच्याहून फार बरे खेळले असं नाही. पण घरी जाईपर्यंत ते त्या होडीबद्दल बोलत होते, आणि रात्री त्यांनी एक भाकरी जास्त खाल्ली.

दुसऱ्या दिवशी वृंदानं कृष्णाबाईला एकटीला गाठलं. कंबर दुखते का, असं विचारलं. कृष्णाबाई म्हणाली, कुणाची दुखत नाही? वृंदानं तिला पुन्हा फळीवर उभं केलं, या वेळी होडीचा खेळ न लावता. पडद्यावर नुसता एक ठिपका होता. शरीराचं वजन दोन्ही पायांवर सारखं असेल तर ठिपका मधोमध राहतो. कृष्णाबाईचा ठिपका उजव्या कडेला जाऊन बसला होता.

"ताई, तुम्ही सगळं वजन एका पायावर घेऊन उभ्या आहात. तुम्हाला पत्तासुद्धा नाही. किती दिवस उचलताय त्यांना?"

कृष्णाबाई त्या ठिपक्याकडे बघत राहिली. मग तिनं सांगितलं की उजव्या पायाला मुंग्या येतात, सकाळी अंथरुणातून उठताना कुशीवर वळून, खाटेचा कठडा धरून उठावं लागतं, कधी कधी ताट उचलतानाही कंबरेत चमक येते. हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंही तिला वाटलं नव्हतं.

डॉक्टरांनी तिला तपासलं, फोटो काढला. कंबरेच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजल्या होत्या. हे असंच चाललं तर तिलाही धरून चालवायला कुणीतरी लागेल, असं ते म्हणाले. वजन उचलायचं नाही, नवऱ्याला खांद्याचा आधार द्यायचा नाही, आणि सांगितलेले व्यायाम रोज करायचे.

खंडेराव तेव्हा शेजारीच बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. क्वार्टरच्या दारापाशी आल्यावर त्यांनी तिच्या खांद्यावरचा हात काढून चौकटीला धरला. आजपासून बाजूला राहा, म्हणाले. ती म्हणाली, पडाल. ते म्हणाले, पडलो तर पडलो. त्याच संध्याकाळी न्हाणीच्या उंबऱ्यापाशी ते पडले. धावत जाऊन उचलायचं नाही, हे कृष्णाबाईला त्या पडण्यापेक्षाही अवघड गेलं. भिंतीला धरून उठायला त्यांना बराच वेळ लागला. हेमलता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रडत होती.

पुढचे काही महिने दोघंही व्यायामाच्या खोलीत जाऊ लागली. वृंदानं दोघांना पाळीपाळीनं फळीवर उभं करायचं ठरवलं. खंडेराव कृष्णाबाईला शिकवत आणि स्वतःही शिकत. तिच्यापेक्षा पुढे राहायची त्यांना ईर्ष्या असे. ती दोन खडक जास्त गेली की ते लगेच आपली पाळी मागत. जवानही मग थांबून बघत, कुणाची होडी लांब जाते यावर चहाची पैज लागे. होडी उलटली की खंडेराव स्वतःवरच चिडत आणि पुन्हा सुरू करत. किती वेळा उलटली याला काही गणतीच नव्हती. उलटल्यानं काही दुखत नव्हतं, कुणी काही म्हणत नव्हतं, होडी आपली पुन्हा उभी.

त्या काळात ते सुधारले, यात शंका नव्हती. बोलणं स्पष्ट झालं असं नाही, पण ते बोलू लागले. हेमलताला गणित विचारू लागले. दाढी स्वतः करू लागले. कृष्णाबाईच्या पायाच्या मुंग्या कमी झाल्या आणि तिचा ठिपका हळूहळू मध्याकडे सरकू लागला. ती एकदा वृंदाला म्हणाली की तुमच्या होडीनं आम्हाला तारलं. वृंदा खूश झाली, पण सावधपणे म्हणाली, "होडीनं तारलं की व्यायामानं, की तुम्ही रोज इथं येता त्यानं, ते बिल्कुल सांगता येत नाही हं ताई."

पावसाळा संपता संपता त्या खोलीचं छत दुरुस्तीला निघालं. महिनाभर खोली बंद राहणार होती. त्याच महिन्याच्या शेवटी खंडेरावांचं मेडिकल बोर्ड होतं. नोकरीत हलक्या कामावर ठेवायचं की घरी पाठवायचं, हे तिथं ठरणार होतं. सराव बुडू नये म्हणून वृंदानं तो संच त्यांना घरी न्यायला दिला. सोबत बजावलं की दिवसातून थोडा वेळ खेळा, आणि बाहेर मोकळ्या रस्त्यावर रोज चाला. चालणं जास्त महत्त्वाचं.

खंडेराव खेळले रोज, चालले मात्र नाहीत.

सुरुवातीला कृष्णाबाईला त्याचं काही वाटलं नाही. सकाळी चहा झाला की ते फळीवर चढत. अंघोळ लांबणीवर पडे. दुपारी जेवून पुन्हा. नदीचे नवे नवे टप्पे त्यात होते, एक पार केला की पुढचा अवघड टप्पा उघडे. ते पार केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. शेजारच्या क्वार्टरमधले जवान संध्याकाळी बघायला येत. उस्ताद, वाह, म्हणत. खंडेराव छाती काढून सांगत की बोर्डात आता मला कोण अडवतो. जवान गेल्यावर डोळे लाल झालेले असत, मान आखडलेली असे. टप्पा पार झाला नाही तर हेमलतावर खेकसत. एकदा तिनं शाळेच्या अभ्यासासाठी टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितला तर त्यांनी हातातली काठी भिंतीवर आपटली. पोरगी नंतर दोन दिवस मैत्रिणीच्या घरी अभ्यासाला गेली.

चला, जरा गेटापर्यंत जाऊन येऊ, असं कृष्णाबाई रोज म्हणे. ते म्हणत, उद्या. एकदा तिनं जरा जोर लावला.

"होडीत बसून बाजारात जाता येत न्हाई," ती म्हणाली. "पाय जिमिनीवर टाकावा लागतो."

"जमीन बी तीच हाय. इथं तोल राहतो तर तिथं का न्हाई राहायचा?"

मनातून तिला दिसत होतं की ते बाजाराला भितात. भाजीवाल्याचं ते हसू त्यांच्या मनातून गेलेलं नव्हतं, आणि पडद्यावर तसं हसणारं कुणी नव्हतं. संच उचलून वृंदाला परत द्यावा असं तिच्या मनात दोनदा आलं. एकदा तर तिनं वायर काढून पिशवीत भरली होती. पण अपघातानंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहणारा माणूस आता उभा होता, जवानांशी बोलत होता, उद्याचं काहीतरी म्हणत होता. ते तिला मोडवेना. तिनं वायर पुन्हा लावली.

बोर्डाच्या दिवशी खंडेरावांनी कडक इस्त्रीचा गणवेश घातला. कृष्णाबाई बाहेरच्या बाकावर बसली. आत तीन अधिकारी होते. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे तिला आवाज ऐकू येत होते. आधी प्रश्न झाले, मग हात-पाय तपासले. मग त्यांना बाहेरच्या लांब व्हरांड्यात आणलं, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत सरळ चालायला सांगितलं. ते चार-पाच पावलं बरे चालले. समोरून दोन शिपाई एक चाकाची खाट ढकलत आले, खाट बाजूनं गेली, आणि तिच्याबरोबर जणू खंडेरावांची जमीनही सरकली. ते भिंतीला टेकले. थोड्या वेळानं त्यांना पुन्हा उभं करून डोळे मिटायला सांगितलं. डोळे मिटताच ते उजवीकडे कोसळले. कृष्णाबाई बाकावरून उठली, पण पुढे गेली नाही.

अधिकारी कठोर नव्हते. त्यांतले कर्नलसाहेब तिच्याशी हिंदीत फार समजुतीनं बोलले. नोकरी चांगली झाली आहे, पेन्शन मिळेल, पण गाडीच्या आसपास या माणसाला ठेवता येणार नाही, आणि दुसरं कामही त्यांना सध्या झेपेल असं वाटत नाही. फौजेच्या भाषेत खंडेराव बोर्ड आउट झाले.

घरी आल्यावर त्यांनी संच टीव्हीपासून सोडवला, फळी पुसली, सगळं खोक्यात भरलं आणि खोकं दाराजवळ ठेवलं. खोटारडं यंत्र, एवढंच म्हणाले. मग पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

चार दिवसांनी, रविवारी, वृंदा क्वार्टरवर आली. बसनं आली होती, सोबत हेमलतासाठी मिठाईचा पुडा होता. खंडेराव उठून बसले, पण तिच्याकडे पाहिलं नाही. तिनं बोर्डाचं सगळं ऐकून घेतलं आणि मग कृष्णाबाईला समजावलं की पडदा जागचा हलत नाही. खेळताना माणूस एकाच ठिकाणी नजर लावून उभा असतो, आणि नजरेच्या आधारानं तोल सांभाळतो. रस्त्यावर सगळंच हलतं. माणसं, सायकली, सावल्या. खेळातला सुधार खेळातच राहू शकतो, हे आपल्याला माहीत होतं, म्हणून चाला म्हणून सांगितलं होतं, पण घरी संच द्यायलाच नको होता. एवढं सांगताना तिचं मराठी बरंचसं हिंदीवर गेलं.

कृष्णाबाईनं विचारलं, "म्हंजी फायदा काहीच न्हाई झाला?"

उत्तर दिलं ते खंडेरावांनी.

"झाला," ते म्हणाले. "बोर्डात पडलो तवा शिपाई उचलाय आला. त्याचा हात म्या झिडकारला. माझा मी उठलो. आधीचा असतो तर हिची वाट बघत तिथंच पडून राहिलो असतो." मग म्हणाले, "त्या होडीत इतक्यांदा बुडालो, की पडायचं काय वाटंना झालंय. पर बाहेर लोकांम्होरं पडायची लाज वाटती. ती काय तुमच्या यंत्रानं गेली न्हाई."

अपघातानंतर इतकं सलग ते कधी बोलले नव्हते. वृंदा म्हणाली की लाजेवर तिच्याकडे व्यायाम नाही. कृष्णाबाई उठली, आत गेली, चहाचं आधण ठेवलं आणि परत दारात येऊन म्हणाली की चहा झाला की आपण तिघं बाजारात जाऊ. भाजी संपली आहे.

चहा झाल्यावर तिघं निघाली, वृंदा पुढे. खंडेराव काठी घेऊन मधून चालले. कृष्णाबाई त्यांच्या शेजारी नव्हती, दोन पावलं मागे होती, आणि तिचे दोन्ही हात तिनं मुद्दाम पदराखाली धरले होते. मोठ्या रस्त्याला लागायच्या आतच ते एकदा पडले. उठले, पँट झटकली. भाजीच्या गाडीपाशी पोचले तेव्हा शर्ट घामानं भिजला होता. भाजीवाला काही बोलायच्या आधीच खंडेराव त्याला म्हणाले, "चोट लगी है सिर में. पीता नहीं हूँ." भाजीवाला वरमला. त्यानं एक खोकं उलटं करून त्यांना बसायला दिलं आणि वाटाणे मोजताना मूठभर जास्त टाकले.

त्यानंतर ते रोज बाहेर पडू लागले. पडणं कमी झालं, पूर्ण थांबलं नाही. गर्दीत, संधिप्रकाशात, मेट्रोच्या सरकत्या जिन्यापाशी अजूनही त्यांची जमीन कलते.

नोकरी सुटल्यावर क्वार्टरही सुटलं. गावी जायचं की इथंच राहायचं यावर घरात बरीच चर्चा झाली. हेमलताची शाळा इथं होती. खंडेरावांच्या जुन्या सुभेदारांनी गाझियाबादेत गाडी शिकवण्याचा एक छोटा वर्ग काढला होता. तिथं गाडीत बसायच्या आधी शिकाऊ माणसांना नियम, खुणा, इंजिनाची माहिती देणारा कुणीतरी हवा होता. काम बसून करायचं होतं. खंडेराव तिथं रुजू झाले. कुणाला त्यांचं बोलणं नीट कळलं नाही तर ते फळ्यावर लिहून दाखवतात. तिथल्याच वैशाली नावाच्या भागात, मेट्रो स्टेशनापासून जवळच दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या, तळमजल्यावर. हेमलता रोज लांबचा प्रवास करून शाळेत जाते आणि त्याबद्दल रोज कुरकुरते.

वृंदानं खंडेरावांसारख्या आणखी काही पेशंटांनाही फळीवर खेळवलं होतं; त्या पाहणीचा अहवाल तिनं एका परिषदेत वाचला. खेळातली प्रगती चांगली, चालण्यातला फरक नगण्य, असा त्याचा सारांश होता. फरक न पडलेल्यांत खंडेराव होते. तिनं हे त्यांना फोनवर सांगितलं, लपवलं नाही. ते म्हणाले, बरोबर आहे. कृष्णाबाई त्या अहवालात कुठेच नव्हती, कारण ती पेशंट नव्हती.

पुढच्या वर्षी वृंदाला नवी पाहणी करायची होती. घरात आजारी माणसाला सांभाळणाऱ्या लोकांनी आठवड्यातून एकदा इस्पितळात येऊन फळीवर खेळायचं, आणि त्यांच्या कंबरेत, झोपेत, मनात काही फरक पडतो का ते पाहायचं. तिनं कृष्णाबाईला विचारलं. खंडेराव म्हणाले, कशाला, एवढ्या लांब? कृष्णाबाई म्हणाली, जाते.

ती दिल्लीत इतकी वर्षं राहिली होती, पण एकटी कधी कुठे गेलेली नव्हती. पहिल्या दिवशी हेमलतानं तिला स्टेशनांची नावं पाठ करून घ्यायला लावली. ती एक स्टेशन चुकली, पुढे गेली, उतरून मागे आली. पोचली तेव्हा वृंदा दारात वाट बघत होती. कृष्णाबाई फळीवर चढली. पदर खोचला. बरीच वर्षं मागे राहिल्यासारखी वाटणारी ती नदी तिच्यासमोर वाहू लागली आणि तिनं होडी सोडली.

आता ती दर गुरुवारी जाते. सकाळीच भाजी करून ठेवते, भात खंडेरावांनी लावायचा असतो. कधी तो करपतो. परत येताना ती खिडकीजवळची जागा धरते आणि यमुनेवरून गाडी जाते तेव्हा मुद्दाम खाली बघते. झोप बरी लागते. कंबर दुखते, पण पूर्वीइतकी नाही. मन कसं आहे, असं वृंदा प्रत्येक वेळी विचारते, कारण तो प्रश्न तिच्या पाहणीतच आहे. पहिले काही गुरुवार कृष्णाबाई बरं आहे, एवढंच म्हणायची. परवा तिनं जरा विचार करून सांगितलं की बरं वाटतं ते होडीनं, की घरातून एक दिवस बाहेर पडते म्हणून, ते तिला ठरवता येत नाही. वृंदा हसली, आणि म्हणाली की आपल्यालाही नाही.